दोन खोल्यांचा तंबू

सासूबाई रांगत तंबूत शिरल्या खऱ्या, पण बाहेर यायचं नाव घेईनात.

“आजी, आधी मागे वळ, मग डोकं बाहेर काढ,” भिंगरी दारापाशी उकिडवी बसून सूचना देत होती.

“वळू कशी? डोकं वर टेकलंय, पाय खाली अडकलाय. आणि हसतेस काय गं? बाहेर येऊ दे मला, मग बघते तुझ्याकडे.”

शेवटी उस्ताद खाली बसला, त्याने दोन्ही हात आत घातले आणि आईला काखांत धरून अलगद बाहेर ओढलं. केस विस्कटलेले, चष्मा एका कानावर लोंबतोय, अशा अवस्थेत सासूबाई दुकानाच्या मागच्या आवारात उभ्या राहिल्या आणि कुणी काही बोलायच्या आत म्हणाल्या,

“मला आवडला. फक्त आत माणूस मावत नाही.”

त्यांच्या सुनेने, ताईने, पुढे होऊन आधी त्यांचा चष्मा सरळ केला. हाताला सवयच होती ती. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकाकानांशी तिचा व्यवहार. कुणाची काडी सैल, कुणाची नाकावर रुतते. तिथे सगळे तिला ताई म्हणत, वडिलांच्या वयाचे मालकसुद्धा. बघता बघता शेजारीपाजारीही ताईच म्हणू लागले.

दुकानदार गळ्यात मोजायची टेप अडकवून शेजारी उभा होता. पत्र्याच्या उंच छपराखाली लहानमोठे तंबू ओळीने उभारून ठेवलेले होते. निळे, हिरवे, मातकट. नव्या कापडाचा उग्र वास सगळीकडे भरून राहिला होता.

“खोक्यावर चौघांचा लिहिलंय,” तो म्हणाला. “पण खोक्यावरची माणसं वेगळी असतात, बाई. कूस न बदलणारी. तुम्हा चौघांना हवा असेल तर सहांचा बघा. आणि सकाळी एकमेकांशी बोलायचं असेल, तर आठांचा.”

“आठांचाच दाखवा,” ताई म्हणाली. “सरळ उभं राहता आलं पाहिजे, यांचे गुडघे दुखतात. आणि सगळ्यांना हातपाय पसरून झोपता आलं पाहिजे.”

“एवढा कशाला?” उस्ताद म्हणाला. “तुम्ही तिघी झोपा तंबूत. मी काय, गाडीत झोपेन.”

त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. चहात साखर नको, असं सांगावं तसं तो म्हणाला. ताईने पर्सचा पट्टा खांद्यावर नीट केला. मग दुकानदाराकडेच बघत पुन्हा म्हणाली,

“आठांचा.”

दुकानदार पुढे झाला, भिंगरी त्याच्या पुढे पळाली.

उस्ताद हे नाव त्याला रस्त्याने दिलेलं होतं. लग्न झाल्यापासून तो दुधाचा टँकर चालवत होता. संध्याकाळी निघायचा, पहाटे टँकर रिकामा करायचा, दिवसा कुठेतरी झाडाखाली केबिनमध्ये झोपायचा आणि पुन्हा परतीला लागायचा. घरी यायचा तेव्हा ताई कामावर निघालेली असे. तो पडदे ओढून झोपे, ती हळूच दार लावून घेई. दोघांचा संसार असा दाराच्या दोन बाजूंनी चालत आला होता आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. कधीतरी रस्ता संपेल, मग निवांत बसू, हे न बोलता ठरलेलं होतं.

रस्ता संपवला तो ताईनेच. मागच्या हिवाळ्यात उस्ताद सहज तिच्या दुकानात आला होता. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तिने त्याला गंमत म्हणून खुर्चीत बसवलं आणि समोरची अक्षरं वाचायला सांगितली. त्याने ती भराभर वाचली. एवढी भराभर, की ताईचा हात थबकला. अक्षर दिसत नसलं तरी दिसत नाही म्हणायला माणसं कचरतात, अंदाजाने ठोकून देतात, हे ती रोज बघत होती. तिने खोलीतला दिवा मंद केला आणि अक्षरं बदलली. उस्ताद पुन्हा वाचत गेला, सगळी चुकीची. मग ओशाळून हसला आणि म्हणाला, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांनी हल्ली डोळ्यांपुढे नुसता पांढरा पडदा येतो.

तिनेच त्याला कंपनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी रात्रीचं चालवणं बंद केलं. कंपनी भली, तिने त्याला आवारातच टँकरच्या फेऱ्या लावायचं काम दिलं; सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. ताईने नवी चादर आणली. इतक्या वर्षांनी घरात संध्याकाळी चार ताटं लागू लागली.

काही आठवडे बरे गेले. मग एका रात्री उस्तादने उशी उचलली आणि तो खाली गाडीत झोपायला गेला. दुसऱ्या दिवशीही गेला. “सवय आहे गं,” म्हणाला. “पलंगावर झोपच येत नाही. सीट मागे केली की कसा डोळा लागतो.” जमिनीवर गादी घालून देऊ का, असं तिने विचारलं तर म्हणाला, नको, आतल्या खोलीत कोंडल्यासारखं होतं. बाहेरच्या खोलीत सासूबाई आणि भिंगरी झोपत. तिथे जागाच नव्हती. सासूबाईंनी एकदोनदा विषय काढला, मग सोडून दिला. तळमजल्यावरच्या बाईंनी मात्र पाण्याची कळशी भरता भरता ताईला विचारलंच, “सगळं ठीक आहे ना गं घरात?”

ताई ठीक आहे म्हणाली. पण त्या दिवसापासून तिच्या मनाने घेतलं, की हा आपल्यावर रागावलाय. आपण त्याच्या हातचं स्टिअरिंग काढून घेतलं. तोंडाने बोलणार नाही तो, कधीच बोलला नाही. पण आपल्या शेजारी झोपणं काही त्याला जमायचं नाही. रात्री खिडकीतून खाली बघितलं की गाडीच्या काचेमागे त्याचं वाकडं झालेलं डोकं दिसे. ती पडदा ओढून घेई.

तळ्याकाठी दोन दिवस राहायला जाण्याची कल्पना भिंगरीची होती. शाळेतल्या मैत्रिणीने जाऊन आल्यावर वर्गात एवढी टिमकी वाजवली होती, की हिला चैन पडेना. गाडी आहे, बाबांना सुट्टी आहे, आजीला हौस आहे. ताईने होकार दिला तो मात्र वेगळ्याच हिशेबाने. मोकळ्या माळावरचा तंबू. ना पलंग, ना कोंडलेली खोली. मोठाच्या मोठा घ्यायचा, इतका ऐसपैस की गाडीत झोपायला त्याच्यापाशी काही सबबच उरू नये.

आठांचे दोन तंबू होते. पहिला म्हणजे एक सलग दिवाणखानाच. मधे कुठे आडोसा नाही, चारी बाजूंनी जाळीच्या खिडक्या, सासूबाई हात वर करून उभ्या राहिल्या तरी बोटं छताला लागत नव्हती. त्या आत जाऊन गोल फिरल्या.

“हा आपल्या बाहेरच्या खोलीपेक्षा मोठा आहे,” त्या म्हणाल्या. “इथेच राहू या. घर भाड्याने देऊन टाक.”

“हाच घेऊ,” ताई लगेच म्हणाली. “एका रांगेत चार गाद्या. बास.”

“आई, तो बघ ना दुसरा! त्याला खोल्या आहेत!” भिंगरीने बाहेरून हाक मारली.

दुसऱ्याला खरोखरच दोन खोल्या होत्या. मधे बसण्याउठण्यापुरती जागा, तिच्या दोन्ही अंगांना एकेक झोपायची खोली, आणि खोल्यांना मधल्या जागेकडून कापडी पडदे. बाहेर पडायलाही दोन दारं, एक पुढून, एक डाव्या खोलीच्या मागून. भिंगरी एका दारातून शिरून दुसऱ्यातून बाहेर यायची, पुन्हा शिरायची. ताईला तो तंबू बघताक्षणीच आवडला नाही. खोल्या म्हटल्या की पुन्हा हा इकडे, आम्ही तिकडे.

पण उस्तादचे हात खिशातून बाहेर आले होते. इतका वेळ पाहुण्यासारखा उभा असलेला माणूस आता तंबूभोवती फिरत होता. खांबांचे सांधे दाबून बघत होता, दोऱ्यांचा ताण बोटाने अजमावत होता. टँकर निघण्याआधी तो टायरांना असाच हात लावत फिरायचा, ते तिने एकदोनदा पाहिलं होतं.

“आपल्या डिकीत बसेल हा,” तो म्हणाला. “मागची सीट न पाडता.”

“मग बसू दे की त्या डिकीतच,” ताई म्हणाली. “मोकळाच बरा. पडदे कशाला हवेत?”

सासूबाईंना तोवर दम लागला होता. भिंगरीने त्यांना शेजारच्या घडीच्या खुर्च्यांकडे नेलं. दुकानात बसायला मिळतं म्हटल्यावर दोघी एकेक खुर्ची बसून पारखू लागल्या. ताई मागच्या दाराने डाव्या खोलीत शिरली. म्हटलं, खिडकी लहान असेल, शिवण कच्ची असेल, सांगायला काहीतरी कारण सापडेल. ती गुडघे टेकून खालच्या कापडाची कड चाचपत होती, तेवढ्यात पुढच्या दाराने उस्ताद आणि दुकानदार मधल्या जागेत आले. पडदा पडलेला होता.

“हा खोलीचा पडदा,” उस्तादचा आवाज आला. “कितपत मजबूत आहे?”

“चांगला जाड आहे. पलीकडे दिवा लावला तरी उजेड येत नाही.”

“उजेडाचं नाही. जोर किती सोसेल? म्हणजे मधल्या जागेत कुणी झोपलं आणि आतून लाथ बसली, तर फाटेल? हुकातून निघेल?”

“लहान मूल आहे का घरात? मघाची मुलगी तर मोठी दिसली.”

पडद्याला पलीकडून हळूच गुडघ्याचा दाब बसला, कापड फुगलं आणि पुन्हा सपाट झालं.

“मूल नाही. मीच,” उस्ताद म्हणाला. “मी टँकर चालवायचो. आता बंद आहे. पण झोपेत चालूच असतो. काहीतरी आडवं येतं आणि मी ब्रेक मारतो. स्टिअरिंग फिरवतो. हात कुठे जातो, पाय कुठे जातो, काही कळत नाही.”

“होतं असं,” दुकानदार म्हणाला. “माझी बायको घोरते. मी कानात कापूस घालतो.”

“तसं नाही हो. एकदा तिला लागलं. कोपर बसलं जोरात, डोळ्याच्या खाली. थोडक्यात डोळा वाचला.” त्याचा आवाज खाली आला. “ती दचकून उठली, तोवर मी दिवा लावला होता. काय झालं म्हणाली. मी म्हटलं, पलंगाच्या कडेवर आपटलीस. तिने ते खरं धरलं. झोपेत होती बिचारी.”

“मग सांगून टाकायचं.”

“सांगितलं तर म्हणेल, असू दे, काही होत नाही, इथेच झोपा. तशीच आहे ती. आणि पुढच्या खेपेला डोळाच गेला तर? चष्म्याच्या दुकानात काम करते ती. डोळ्यांवरच चाललंय तिचं.” तो किंचित हसला असावा. “घरात जमिनीवर झोपलो असतो, तर कारण सांगावं लागलं असतं. गाडी बरी. ड्रायव्हर गाडीत झोपतो, त्यात कुणाला नवल वाटत नाही.”

दुकानदाराने घसा साफ केला. “पडदा दुहेरी शिवणीचा आहे,” तो म्हणाला. “फाटायचा नाही. पण पडद्याला अगदी खेटून कुणी झोपलं, तर धक्का लागणारच. थोडं अंतर ठेवा.”

“अंतर ठेवीन,” उस्ताद म्हणाला. “निदान एका छताखाली तरी असू. मुलीची फार इच्छा आहे.”

दोघे बाहेर गेल्यावरही ताई तशीच बसून राहिली. तिचा हात आपोआप गालावर गेला होता. तिथे आता काही नव्हतं. तेव्हा मात्र चांगलं काळंनिळं झालं होतं, आणि ते झाकायला तिने दुकानातली जाड काड्यांची मोठी फ्रेम चढवली होती. गिऱ्हाइकांना ती इतकी आवडली, की तशाच दोन विकल्या गेल्या. घरी आल्यावर ही गंमत तिने रंगवून सांगितली होती. सासूबाई हसल्या होत्या, भिंगरी हसली होती. उस्ताद ताटावरून उठून हात धुवायला गेला होता. उशी खाली गेली ती त्याच रात्री. हे दोन्ही तिला लख्ख आठवत होतं, फक्त आजवर तिने ते शेजारी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं.

ती मागच्या दाराने बाहेर आली तेव्हा तिघेही खुर्च्यांपाशी होते. सासूबाई एका खुर्चीत अशा काही रुतल्या होत्या, की आता त्यांना यातूनही ओढून काढावं लागेल अशी चिन्हं दिसत होती.

“मग?” दुकानदाराने विचारलं. “सलग की खोल्यांचा?”

उस्तादने ताईकडे पाहिलं. “तू म्हणशील तो,” तो म्हणाला. पण नजर खोल्यांच्या तंबूकडे वळली आणि लगेच खाली गेली.

“झोपून बघू या,” ताई म्हणाली. “न झोपता तंबू घ्यायचा म्हणजे घालून न बघता चष्मा घेण्यासारखं आहे. चला, सगळ्यांनी.”

“इथे? दुकानात?” उस्ताद म्हणाला.

“इथेच. त्यात काय?”

सासूबाईंना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. भिंगरीने त्यांना हाताला धरून डाव्या खोलीत नेलं आणि दोघी आडव्या झाल्या. लगेच आतून कुजबुज आणि खुदखुद सुरू झाली. उस्ताद उजव्या खोलीत गेला. दुकानातल्या निळ्या पातळ गाद्या पसरलेल्या होत्या. तो अगदी पलीकडच्या कडेला, कापडाच्या भिंतीला पाठ लावून, हात छातीवर बांधून पडला.

ताईने चपला काढल्या, पर्स बाहेर ठेवली आणि ती त्याच खोलीत शिरली. आतून तिने पडदा खाली ओढून घेतला.

“अगं, तू तिकडे,” तो अर्धवट उठत म्हणाला. “त्या दोघींबरोबर.”

“का?”

“तिकडे... तिकडे खिडकी मोठी आहे.”

ती खाली बसली आणि त्याच्या शेजारी लवंडली. वर पिवळसर कापडातून छपराखालचा उजेड झिरपत होता. बाहेर कुणीतरी खोकं ओढत नेलं.

“मी मघाशी त्या खोलीत होते,” ती हळू म्हणाली. “तुम्ही दोघं बोलत होता तेव्हा.”

उस्तादचे बांधलेले हात आणखी आवळले गेले.

“कापडच आहे ते,” ती म्हणाली.

“सांगणार होतो.”

“कधी?”

ताई छताकडेच बघत राहिली. रागावायचं म्हटलं असतं, तर तिला रागावता आलं असतं. इतके दिवस खिडकीपाशी उभं राहून तिने काय काय मनात आणलं होतं, ते एकेक काढून त्याच्यापुढे मांडता आलं असतं.

“मला वाटलं, मी तुमचा टँकर घालवला म्हणून,” एवढंच ती म्हणाली.

“कसला टँकर?” त्याने मान वळवून पाहिलं. त्याला खरंच समजलं नव्हतं. मग समजलं, तसा तो कोपरावर उठून बसला. “अगं, तू पाठवलं नसतंस ना डॉक्टरकडे, तर एव्हाना मी कुणाला तरी मारलं असतं. नाहीतर स्वतः गेलो असतो. तुला असं वाटत होतं? इतके दिवस?”

तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याला कळलं नसावं.

“तुम्ही डॉक्टरांना दाखवा,” ती म्हणाली. “झोपेतल्या या गोष्टीसाठी. काहीतरी इलाज असेलच. तोवर मधे उशा लावू. लोड लावू. पण वर या.”

“आणि लागलं तर?”

“लागलं तर तुम्हाला उठवीन. पण खोटं नाही सांगायचं मला. पलंगाच्या कडेवर म्हणे! मी त्या कडेला फडकी गुंडाळून ठेवलीत, दिसत नाहीत का?”

दिसली होती त्याला. तो हसला नाही, पण या वेळी हात न बांधता पुन्हा खाली टेकला.

“आई,” पलीकडून भिंगरी ओरडली, “आजी खरंच झोपली!”

“झोपले नाही, डोळे मिटून बघतेय,” सासूबाईंचा आवाज आला.

बाहेरून दुकानदाराने अदबीने खाकरून विचारलं, “बाई, मग कुठला बांधायला सांगू?”

“हाच,” ताई पडल्या पडल्या म्हणाली. “खोल्यांचा.”

दुकानदाराची पावलं लांब गेली. उस्तादने कुशीवर होऊन दोघांमधल्या गादीचा अंदाज घेतला. मग जागा आखावी तसा हात मधून फिरवला.

“तू कुठल्या अंगाला झोपतेस गं?” त्याने विचारलं. “उजव्या की डाव्या? म्हणजे तशी उशी लावता येईल.”

ताईने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला ते सापडेना. ती घरचा पलंग डोळ्यांपुढे आणू लागली. नवी चादर, पायथ्याशी घडी करून ठेवलेलं पांघरूण, उशाशी तिचा चष्मा. तो घरी झोपू लागला, त्या पहिल्या आठवड्यांतला त्याचा चेहरा तिला दिसला, पलंगाच्या अगदी काठावर, अंग चोरून. इतकी वर्षं ती मधोमध झोपत आली होती. तो आल्यावर आपण सरकलो होतो का, ते काही केल्या तिला आठवत नव्हतं.

“बघते,” ती म्हणाली, आणि खाली हात टेकून थोडी बाजूला झाली.